समाजमाध्यमांचे विकेंद्रित पर्याय: खाते कोठे आणि कसे उघडावे

केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण २०१८ मध्ये उघडकीस आले, तेव्हा सुमारे ८ कोटी ७० लाख वापरकर्त्यांची माहिती त्यांच्या नकळत त्रयस्थांच्या हाती गेली असण्याची शक्यता खुद्द फेसबुकने मान्य केली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटरची मालकी बदलली आणि पाहता पाहता तेथील नियम, खाते-पडताळणीची पद्धत आणि अखेर नावही बदलले. त्याआधी, २०१४ मध्ये ऑर्कुट आणि २०१९ मध्ये गूगल प्लस बंद झाले, तेव्हा तेथे जमलेला गोतावळा जसाच्या तसा दुसरीकडे हलवण्याची सोय कोणालाच नव्हती. या घटनांच्या मुळाशी तीन निरनिराळ्या तक्रारी आहेत: पाळत, मालकाची मर्जी आणि एकाच जागी अडकून पडणे. पर्याय शोधायला निघालेल्या माणसाने यांपैकी आपली तक्रार कोणती, हे आधी ठरवावे. कारण विकेंद्रित नेटवर्क, म्हणजे कोणा एकाच कंपनीच्या हाती नसलेले जाळे, दुसऱ्या आणि तिसऱ्या तक्रारीवर चांगला उपाय ठरते, पहिलीवर मात्र अर्धाच. या अर्धेपणाची कल्पना नसल्यामुळे अनेक नवखे लोक तेथे जाऊन, पूर्वी कधी लिहिले नसते असे काहीतरी बिनधास्त लिहून बसतात.

आधी कामांची विभागणी

सध्या वापरात असलेल्या प्रत्येक माध्यमासमोर आपण ते कशासाठी वापरतो हे लिहून काढावे. घरच्यांशी आणि मित्रांशी बोलणे, बातम्या वाचणे, छायाचित्रे दाखवणे, आवडीच्या विषयावर चर्चा करणे, आपले काम चारचौघांपुढे मांडणे ही सगळी वेगवेगळी कामे आहेत, आणि एकाच कंपनीने ती एकाच ॲपमध्ये कोंबली म्हणून त्यांना पर्यायही एकच सापडेल असे नाही. या यादीतील जी कामे खाजगी आहेत त्यांच्यावर वेगळी खूण करावी.

खाजगी संभाषणासाठी समाजमाध्यम शोधूच नये. त्यासाठी एंड-टू-एंड एन्क्रिप्शन असलेले संदेश-ॲप हवे, म्हणजे असे ॲप की ज्यात संदेश पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज, मधला सर्व्हर, म्हणजे संदेश पोहोचवणारा संगणक, चालवणाऱ्यालाही, मजकूर वाचता येत नाही. सिग्नल हे त्याचे सर्वांत सोपे उदाहरण आहे. ते विकेंद्रित मुळीच नाही, एकाच ना-नफा संस्थेच्या सर्व्हरवर चालते आणि नोंदणीसाठी फोन क्रमांक मागते. तरीही खाते कधी उघडले आणि शेवटचे कधी जोडले गेले यापलीकडे वापरकर्त्याविषयी जवळपास काहीच साठवत नाही, आणि २०२४ पासून समोरच्याला क्रमांक न देता केवळ वापरकर्ता-नावावर बोलण्याची सोयही त्यात आली आहे. एन्क्रिप्शन आणि विकेंद्रीकरण दोन्ही हवे असेल, तर मॅट्रिक्स हा २०१४ पासून विकसित होत असलेला मानक-संच आणि त्यावर चालणारे एलिमेंट हे ॲप पाहावे. फ्रान्सच्या सरकारी कर्मचाऱ्यांसाठीचे चॅप हे ॲप याच पायावर उभे आहे. मात्र मॅट्रिक्सवर कोण कोणत्या खोलीत, म्हणजे संभाषणाच्या गटात, आहे, संदेश कधी गेला, खोलीचे नाव काय, एवढे सर्व्हरला दिसते. शिवाय पहिल्या दिवशी मिळणारी पुनर्प्राप्तीची किल्ली हरवली आणि जुने उपकरणही हाताशी नसले, तर आधीचे संदेश परत वाचता येत नाहीत. ती किल्ली पासवर्ड-व्यवस्थापकात किंवा कागदावर लिहून ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

खाजगी कामे अशी बाजूला काढली की उरलेल्या, म्हणजे लोकांसमोरच्या कामांसाठी विकेंद्रित समाजमाध्यम निवडणे पुष्कळ सोपे होते.

विकेंद्रित म्हणजे कोणत्या अर्थाने

ईमेलमध्ये एका सेवेचे खाते असलेला माणूस दुसऱ्या सेवेच्या खातेदाराला पत्र पाठवू शकतो, कारण दोन्ही सेवा एकच नियमावली पाळतात. फेडिव्हर्स या नावाने ओळखले जाणारे जाळे याच तत्त्वावर उभे आहे. त्यात हजारो स्वतंत्र सर्व्हर आहेत, ते निरनिराळ्या व्यक्ती आणि संस्था चालवतात, आणि ते परस्परांशी प्रामुख्याने ॲक्टिव्हिटीपब या नियमावलीतून बोलतात. वेबचे मानक ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये तिला अधिकृत शिफारशीचा दर्जा दिला. सर्व्हर अनेक असल्यामुळे येथील पत्त्याचे दोन भाग असतात: आधी वापरकर्त्याचे नाव आणि मग सर्व्हरचे नाव. नाव तेच पण सर्व्हर वेगळा असेल तर ती दोन वेगळी माणसे समजावीत, हे नवख्यांनी विशेष ध्यानात ठेवावे.

या रचनेत संपूर्ण जाळ्याचा मालक कोणीच नसतो, पण प्रत्येक सर्व्हरचा चालक असतो, आणि त्याला आपला ईमेल पत्ता, आयपी पत्ता (इंटरनेटवरील आपल्या जोडणीचा क्रमांक) व आपण लिहिलेले सर्व काही, थेट संदेशांसह, तांत्रिकदृष्ट्या पाहता येते. विश्वास कोणावर तरी ठेवावाच लागतो. फरक इतकाच की तो कोणावर ठेवायचा हे आपण निवडतो आणि निवड चुकली तर बस्तान हलवू शकतो.

कोणते नेटवर्क घ्यावे

छोट्या नोंदी आणि चर्चा हे मुख्य काम असेल तर मॅस्टोडॉनपासून सुरुवात करावी. जर्मनीत ऑयगेन रोच्को यांनी २०१६ मध्ये सुरू केलेले हे मुक्त सॉफ्टवेअर फेडिव्हर्समध्ये सर्वाधिक परिचित आहे. त्यात एका पोस्टला सहसा ५०० अक्षरांची मर्यादा असते, जाहिराती नसतात, आणि मुख्य फीडमध्ये आपण निवडलेल्या लोकांच्या पोस्ट काळाच्या क्रमाने, नवीन आधी, अशा दिसतात. छायाचित्रांसाठी पिक्सेलफेड, विषयवार चर्चांसाठी लेमी आणि फेसबुकच्या जवळ जाणाऱ्या रचनेसाठी फ्रेंडिका हे त्याच कुटुंबातील पर्याय आहेत. चित्रफितींसाठी फ्रामासॉफ्ट या फ्रेंच संस्थेचे पीअरट्यूब आहे, परंतु त्याची एक खोच माहीत असावी: चित्रफीत पाहताना तिचे तुकडे प्रेक्षक एकमेकांना पुरवू शकतात, आणि तसे होते तेव्हा आपला आयपी पत्ता इतर प्रेक्षकांच्या संगणकांपर्यंत पोहोचतो. ही देवाणघेवाण सेटिंग्जमध्ये बंद करता येते. लेमीवर कोणी कोणत्या पोस्टला वर किंवा खाली मत दिले हे सर्व्हर-चालकांना दिसू शकते, याचीही जाण ठेवावी.

ब्लूस्काय वेगळ्या नियमावलीवर चालते. ट्विटरमध्येच २०१९ मध्ये जन्मलेली ही कल्पना पुढे स्वतंत्र कंपनी झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये निमंत्रणाची अट उठवून सर्वांसाठी खुली झाली. नवख्याला ते सर्वांत सोपे वाटते, आणि त्याची एक गोष्ट खरोखर उत्तम आहे: आपले खाते व सगळ्या जुन्या पोस्ट एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेता येतात, आणि स्वतःचे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नोंदवलेले नाव, असेल तर तेच आपले वापरकर्ता-नाव होते. तथापि बहुसंख्य खाती अजूनही त्या एकाच कंपनीच्या सर्व्हरवर आहेत, पोस्ट आणि पसंती सार्वजनिक असतात, इतकेच काय, आपण कोणाला ब्लॉक केले आहे ही नोंदही सार्वजनिक असते. लॉग-इन न केलेल्यांना पोस्ट दाखवू नयेत, अशी सूचना सेटिंग्जमध्ये देता येते, पण ती पाळायची की नाही हे वाचणाऱ्या ॲपच्या हाती असते. गोपनीयता हे ज्यांचे पहिले कारण आहे त्यांना मी ब्लूस्काय सुचवणार नाही. पत्रकार, कलावंत किंवा संशोधक यांसारख्या, मोठ्या वाचकवर्गापुढे राहू इच्छिणाऱ्यांनी त्याचा जरूर विचार करावा.

नॉस्टर या आणखी एका नेटवर्कमध्ये तर सर्व्हरवरचे खाते असा प्रकारच नाही. आपली ओळख म्हणजे सांकेतिक किल्ल्यांची एक जोडी, एक जाहीर आणि एक खाजगी, आणि पोस्ट रिले नावाच्या अनेक सर्व्हरना पाठवल्या जातात. खाजगी किल्ली हरवली तर ‘पासवर्ड विसरलात?’ असे विचारणारे कोणी नसते, आणि ती दुसऱ्याच्या हाती लागली तर आपली ओळखच त्याच्या हाती जाते. पहिले पाऊल म्हणून हे नेटवर्क घेऊ नये.

पुढील पायऱ्या मॅस्टोडॉन धरून लिहिल्या आहेत. फेडिव्हर्समधील इतर सेवांना त्या थोड्याफार फरकाने लागू पडतात.

सर्व्हरची निवड

नवखे लोक येथेच अडतात आणि कंटाळून परत फिरतात. त्यांची समजूत अशी होते की चुकीचा सर्व्हर निवडला तर हव्या त्या माणसांशी बोलताच येणार नाही. तसे नसते, एकमेकांना ब्लॉक न केलेल्या कोणत्याही दोन सर्व्हरवरील माणसे परस्परांना फॉलो करू शकतात. तरीही ही निवड अगदी डोळे झाकून करण्यासारखी नाही, कारण आपली माहिती कोणाच्या हाती राहणार, वादात निवाडा कोण करणार आणि उद्या सर्व्हर बंद पडला तर आगाऊ कळणार का, हे सगळे तिच्यावर ठरते.

मॅस्टोडॉनच्या अधिकृत संकेतस्थळावर सर्व्हरची यादी आहे. तिच्यात स्थान मिळण्यासाठी सर्व्हरने चार गोष्टींची हमी द्यावी लागते: वंशद्वेष, लिंगद्वेष अशा मजकुराविरुद्ध सक्रिय देखरेख, रोजचा बॅकअप, आणीबाणीत सर्व्हर हाताळू शकणारी आणखी किमान एक व्यक्ती आणि सर्व्हर बंद करायचा झाल्यास निदान तीन महिन्यांची पूर्वसूचना. शोध या यादीतूनच सुरू करावा. मग आवडलेल्या सर्व्हरचे माहितीचे पान उघडून ते शेवटपर्यंत वाचावे. तेथे चालकाचे किंवा संस्थेचे नाव, संपर्काचा मार्ग, नियम आणि कोणकोणत्या सर्व्हरना येथून ब्लॉक केले आहे याची नोंद सापडते. ब्लॉक केलेल्यांची यादी मुळीच नसेल, तर ते मोकळेपणाचे लक्षण मानण्याची घाई करू नये. बहुधा तेथे देखरेख करणारे कोणी नसते, किंवा यादी दाखवायची नाही असे चालकाने ठरवलेले असते.

गोपनीयता-धोरणही याच वेळी वाचावे. मॅस्टोडॉनबरोबर येणाऱ्या धोरणाच्या नमुन्यात सर्व्हरवर आपोआप होणाऱ्या वापराच्या नोंदी (लॉग) जास्तीत जास्त ९० दिवस आणि नोंदणीकृत वापरकर्त्यांचे आयपी पत्ते जास्तीत जास्त १२ महिने ठेवण्याचे म्हटले आहे. एखाद्या चालकाने ही मुदत कमी केली असेल, तर त्याने धोरण नुसते चिकटवलेले नसून त्याचा विचारही केला आहे, असा अंदाज बांधायला हरकत नाही.

खर्च कोण करते हा प्रश्न संकोच न बाळगता विचारावा. सर्व्हरचे भाडे, साठवणुकीची जागा आणि देखरेख करणाऱ्यांचा वेळ यांना पैसे लागतात, आणि जाहिराती नसल्यामुळे ते सहसा सदस्यांच्या वर्गणीतूनच येतात. जमाखर्च जाहीर करणारा सर्व्हर अधिक भरवशाचा. मात्र मोठे नाव हीच टिकण्याची हमी समजू नये: मोझिलासारख्या प्रतिष्ठित संस्थेने चालवलेला मॅस्टोडॉन सर्व्हर डिसेंबर २०२४ मध्ये बंद करण्यात आला. डोमेनच्या शेवटच्या अक्षरांकडेही पाहावे. ‘डॉट एएफ’ ही अफगाणिस्तानची देश-संहिता वापरणारा क्विअर डॉट एएफ हा सर्व्हर फेब्रुवारी २०२४ मध्ये तालिबानच्या अखत्यारीतील यंत्रणेने डोमेन निलंबित केल्यामुळे रातोरात बाद झाला. दिसायला आकर्षक असलेली दोन अक्षरे कोणत्या राज्यसत्तेच्या ताब्यात आहेत, हे पाहायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

आकाराविषयी माझे मत असे की सर्वांत मोठा सर्व्हर टाळावा, कारण सगळे तेथेच गेले तर विकेंद्रीकरणाला अर्थ उरत नाही. आणि एका माणसाने हौसेने चालवलेला अगदी लहान सर्व्हरही, तो माणूस ओळखीचा असल्याखेरीज, टाळावा. काही वर्षे टिकलेला, एकाहून अधिक देखरेख करणारे असलेला आणि नोंदणीच्या वेळी ‘येथे का यायचे आहे’ असे विचारणारा मध्यम सर्व्हर बहुतेकांना मानवतो. त्या प्रश्नाचे उत्तर दोन प्रामाणिक वाक्यांत द्यावे. तो केवळ जाहिरातखोरांना आणि यंत्र-खात्यांना गाळण्यासाठी असतो.

खाते उघडल्यावर पहिला अर्धा तास

नोंदणीसाठी शक्यतो स्वतंत्र ईमेल पत्ता आणि इतरत्र कोठेही न वापरलेला पासवर्ड घ्यावा, आणि टू-फॅक्टर पडताळणी, म्हणजे पासवर्डखेरीज आणखी एक खूण मागणारी सोय, लगेच सुरू करून तिचे पर्यायी कोड जपून ठेवावेत. त्यानंतर पहिली पोस्ट लिहिण्याआधी गोपनीयतेच्या सेटिंग्ज उघडाव्यात. आपले प्रोफाइल इतरांना सुचवले जावे का, सार्वजनिक पोस्ट शोधात याव्यात का, बाहेरच्या शोध-इंजिनांनी आपले पान नोंदवावे का, आपण कोणाला फॉलो करतो हे दिसावे का, आणि नवीन अनुयायी आपल्या संमतीनंतरच जोडले जावेत का, हे तेथे एकेक करून ठरवता येते. ठरावीक काळाने जुन्या पोस्ट आपोआप पुसण्याचीही सोय असून तिची मुदत एका आठवड्यापासून दोन वर्षांपर्यंत निवडता येते. ही सोय फारशी कोणी वापरत नाही, हे नवलच म्हणायचे.

प्रत्येक पोस्टची दृश्यता वेगळी निवडता येते: सर्वांसाठी, सर्वांसाठी पण सार्वजनिक फीड व शोधाबाहेर, फक्त अनुयायांसाठी, किंवा फक्त उल्लेख केलेल्या व्यक्तींसाठी. यातील शेवटचा प्रकार म्हणजे मॅस्टोडॉनमधील खाजगी संदेश, आणि त्याला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन नाही. त्यात दोन सावधानता बाळगाव्यात. दोन्हीकडच्या सर्व्हर-चालकांना तो वाचता येऊ शकतो; आणि अशा संदेशात एखाद्या तिसऱ्या व्यक्तीचा पूर्ण पत्ता ॲट चिन्हासह लिहिला, तर तो संदेश त्या व्यक्तीलाही जातो. कुणाविषयी कुजबूज करताना नेमका त्याचाच पत्ता लिहिणाऱ्यांची फजिती येथे नित्याची आहे.

पोस्ट पुसण्याबाबतही भ्रमात राहू नये. आपण पोस्ट पुसली की आपला सर्व्हर ती प्रत ज्या सर्व्हरवर गेली आहे त्यांना पुसण्याचा निरोप पाठवतो, आणि नीट चाललेले सर्व्हर तो पाळतात. पण बंद असलेल्या, बिघडलेल्या किंवा हटवादी सर्व्हरवर प्रत राहू शकते. छायाचित्र चढवण्याआधी त्यातील स्थळाची माहिती फोनमध्येच काढून टाकावी, म्हणजे कोणता सर्व्हर ती काढतो आणि कोणता नाही हे लक्षात ठेवावे लागत नाही.

फोनवर अधिकृत ॲपखेरीज अँड्रॉइडसाठी टस्की आणि आयफोनसाठी आइस क्यूब्स अशी स्वतंत्र मुक्त ॲपही आहेत. कोणतेही ॲप घेतले तरी खाते तेच राहते.

माणसे शोधणे

पहिल्या दिवशी फीड रिकामे दिसेल. येथे काही चालतच नाही असा निष्कर्ष काढून परतणाऱ्यांची संख्या मोठी आहे. वास्तविक आपल्याला काय दाखवायचे हे ठरवणारे अल्गोरिदम मुख्य फीडमध्ये नसल्यामुळे, आपण कोणाला निवडले नाही तर दाखवण्यासारखे काहीच उरत नाही. म्हणून आधी छायाचित्र आणि चार ओळींचा परिचय भरून, आपल्या आवडीचे विषय हॅशटॅगसह सांगणारी एक परिचयाची पोस्ट लिहावी. कोऱ्या प्रोफाइलला परत फॉलो करायला लोक कचरतात. मग माणसांइतकेच हॅशटॅगही फॉलो करावेत, कारण त्यांतून अनोळखी पण समविषयी माणसे आपोआप समोर येतात. पोस्टची भाषा निवडण्याचे जे बटण असते ते मराठीवर ठेवले, तर भाषेनुसार पोस्ट गाळणाऱ्यांपर्यंत आणि भाषांतराच्या सोयीपर्यंत आपले लेखन नीट पोहोचते.

नुसती पसंती दिल्याने पोस्ट पुढे जात नाही. ती आपल्या अनुयायांपर्यंत पोहोचवायची तर बूस्ट करावी लागते. दुसऱ्या सर्व्हरवरील पोस्टखाली सगळे प्रतिसाद किंवा पसंतीचे खरे आकडे नेहमी दिसतीलच असे नाही, कारण आपल्या सर्व्हरपर्यंत जे पोहोचले तेवढेच तो दाखवतो. पूर्ण संभाषण वाचायचे असल्यास मूळ सर्व्हरवरील पान उघडावे.

हलण्याची तयारी आणि जुने खाते

सर्व्हर पसंत पडला तरी फॉलो, ब्लॉक आणि बुकमार्कच्या याद्या अधूनमधून उतरवून ठेवाव्यात. पोस्ट आणि छायाचित्रांचा पूर्ण संग्रह सात दिवसांतून एकदा मागवता येतो. सर्व्हर बदलायचा झाल्यास आधी नव्या खात्यात जुन्या खात्याचा पत्ता नोंदवावा आणि मग जुन्या खात्यातून स्थलांतर सुरू करावे. अनुयायी आपोआप नव्या पत्त्यावर येतात, उतरवलेल्या याद्या चढवता येतात, पण जुन्या पोस्ट मागेच राहतात. या सगळ्यासाठी जुना सर्व्हर चालू असावा लागतो, म्हणून बंद होण्याची सूचना आली की शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नये.

मुख्य प्रवाहातील जुने खाते मात्र त्याच दिवशी पुसण्याची गरज नाही. प्रथम तेथील माहितीची प्रत मागवावी, प्रोफाइलमध्ये नवा पत्ता लिहावा आणि ज्यांच्याशी खरोखर संपर्क ठेवायचा आहे त्यांना वैयक्तिक निरोप द्यावा. सगळे येणार नाहीत हे गृहीत धरावे. काही काळ दोन्हीकडे राहून, मग फोनवरून जुने ॲप काढून फक्त ब्राउझरमधून ते माध्यम पाहणे हा मधला टप्पा पुष्कळांना सोपा जातो, आणि संपर्कयादी, स्थळ अशा ॲपला दिलेल्या परवानग्या तेवढ्यानेच संपतात. फेसबुक खाते कायमचे पुसण्याची विनंती केल्यावर ती मागे घेण्यासाठी ३० दिवस मिळतात आणि त्यानंतर सर्व माहिती काढायला एकूण ९० दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो, असे ती कंपनी सांगते; या मुदतीत चुकून लॉग-इन करून विनंती रद्द होऊ देऊ नये. विनंती करण्याआधी एक शेवटची तपासणी करावी: खरेदी, प्रवास, खेळ किंवा अभ्यासाच्या ज्या संकेतस्थळांवर आपण याच खात्याने लॉग-इन करतो, त्यांची यादी फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये सापडते, आणि त्या प्रत्येक ठिकाणी ईमेल व स्वतंत्र पासवर्ड घालून घेतल्यावरच पुसण्याचे बटण दाबावे.